कॅम्पेनसाठी झपाटलेले रान रचताना

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रे वठवत खेळायच्या खेळात रान म्हणजे बहुतेक वेळा दोन गावांमधली मोकळी जागा असते. गेम मास्टर, म्हणजे खेळाची गोष्ट चालवणारा, फासा टाकतो, तीन लांडगे येतात, मारले जातात आणि मंडळी पुढच्या गावातल्या खानावळीत जाऊन बसतात. अशा रानाला झपाटलेले म्हटले, धुके पसरवले आणि लांडग्यांच्या जागी सांगाडे उभे केले, तरी कुणी घाबरत नाही, कारण सांगाड्याचे काय करायचे हे खेळाडूंना ठाऊक असते. भीती निर्माण करायची असेल तर रानाला एक धनी हवा, त्या धन्याचा एक कायदा हवा, आणि तो कायदा खेळाडूंना अर्धामुर्धाच उमगलेला असताना त्यांच्या हातून मोडला जायला हवा. कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेसाठी, अशी एक राई कशी रचावी ते पुढे सविस्तर मांडले आहे. नियमांचे दाखले पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांतून घेतले असले, तरी मूळ रचना कोणत्याही खेळपद्धतीत वापरता येईल.

मराठी गेम मास्टरला अशा रानाचा नमुना फार दूर शोधावा लागत नाही. सह्याद्रीत गावोगावी देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके झाले तरी या राया टिकल्या, कारण देवाच्या भयाने तिथे कुऱ्हाड चालवायला कुणी धजत नव्हते. अनेक देवरायांत जिवंत फांदी तर सोडाच, खाली पडलेली वाळकी काटकीही घरी नेण्यास मनाई असे. म्हणजे राईला मालक आहे, मर्यादा आहे, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याचे काय होते याच्या गोष्टी गावात आहेत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे श्री देव वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री फिरून गावाची राखण करतो आणि त्यामुळे त्या वहाणा झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. झिजलेला तळवा पाहिला की चालणाऱ्याचा आकार, त्याचे वजन आणि त्याची रोजची वाट आपोआप मनात उभी राहते. शंभर सांगाड्यांनी जे साधत नाही ते अशा एका तपशिलाने साधते.

इथे एक पथ्य कसोशीने पाळावे. वेतोबा, वेताळ, आसरा ही आजही पुजली जाणारी दैवते आहेत. त्यांना नावानिशी खेळात आणून त्यांच्याशी तलवारबाजी करवणे मला योग्य वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. राखणदाराची कल्पना घ्यावी, झिजलेल्या वहाणेसारखा तपशील घ्यावा, आणि त्यातून आपल्या काल्पनिक जगाचा स्वतंत्र धनी घडवावा.

धनी आणि त्याचा कायदा

दाखल्यासाठी आपण 'काजऱ्याची राई' रचू. खाडीकाठच्या एका बंदराच्या मागे, टेकडीच्या कुशीत ती आहे. बंदराच्या सरदाराने नव्या गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी राईतली १९ झाडे तोडली. तेव्हापासून गावातली माणसे एकेक करून नाहीशी होत आहेत आणि आतापर्यंत ११ गेली आहेत. हे दोन्ही आकडे खेळाडूंना एकाच वेळी सांगू नयेत. हरवलेल्यांची संख्या गावकरी सांगतील. बुंधे मात्र खेळाडूंनी स्वतः राईत मोजावेत. मोजणारा खेळाडू टेबलावर गप्प होतो आणि मग हलकेच म्हणतो, 'अजून आठ.' त्या क्षणी राईचा कायदा त्याला कुणी सांगावा लागत नाही.

कायदा एकच ठेवावा: राईतून जे घेतले जाईल त्याच्या तोलामोलाचे राई परत घेते. एकाच कायद्याचा फायदा असा, की खेळाडूंना त्याचा माग काढता येतो. रानात जे घडते ते मनमानी वाटू लागले, की खेळाडू अंदाज बांधणे सोडून देतात. आणि अंदाज बांधणे थांबले की भीतीही थांबते, उरतो तो केवळ वैताग. म्हणून सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीने करावी. पहिल्या रात्री ते शेकोटीसाठी वाळक्या काटक्या गोळा करतात. सकाळी रेंजरच्या, म्हणजे रानाची जाण असलेल्या पात्राच्या, भात्यातले काही बाण नाहीसे झालेले असतात, बाकी सर्व जागच्या जागी असते. कुणी रानफळे तोडून खातो, तर शिदोरीतले तेवढेच अन्न कमी होते. कुणी भेकर मारतो, तर खेचर गायब होते. दोर कापलेला नसतो आणि गाठही सुटलेली नसते. प्रत्येक पायरीवर देवघेवीचा हिशोब अचूक जुळला पाहिजे. त्यासाठी गेम मास्टरने एका वहीत दोन रकाने आखून 'घेतले' आणि 'दिले' अशा नोंदी ठेवाव्यात. ही वही हेच या साहसाचे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

वरच्या पायऱ्या वस्तूंच्या पलीकडे जातात. रात्री रानात हाक आली तर लगेच ओ देऊ नये, हे कोकणात लहानपणापासून कानावर पडते. आपल्या राईतही हाक येते, आणि जो ओ देतो तो राईकडून हाक घेतो. मग राई त्याचे नाव काढून घेते. याचा परिणाम पात्रांपुरता न ठेवता टेबलावर आणावा. त्या घटकेपासून इतर कोणत्याही खेळाडूने त्या पात्राचे नाव उच्चारायचे नाही. 'तो', 'आपला विझर्ड' (जादूगार), 'निळ्या झग्यावाला' असे काहीही म्हणावे, पण नाव नाही. नाव चुकून तोंडून गेले तर गेम मास्टरने एक अक्षरही न बोलता वहीत एक नोंद करावी. चार मित्र आपापली वाक्ये जपून बोलू लागतात, मध्येच अडखळतात, एकमेकांकडे पाहतात. हे दडपण कुठल्याही पार्श्वसंगीताने येत नाही.

धन्याला समोर कधी आणावे? माझे मत असे, की शक्य तितके उशिरा आणि शक्य तितके थोडे. त्याच्या वहाणा दिसाव्यात, झिजलेल्या आणि ओल्या मातीने भरलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिथे नसाव्यात. तो बोलला तर रागाने बोलू नये. सावकाराच्या दिवाणजीप्रमाणे त्याने थंडपणे बाकी सांगावी.

नकाशा आणि चकवा

राई लहान ठेवावी. गेम मास्टर हौसेने शेकडो मैलांचे अरण्य काढतात, पण अवाढव्य रानात वाट चुकणे स्वाभाविकच असते. बाहेरून पाहता काजऱ्याची राई जेमतेम दोन मैल रुंद आहे. साधारण चालीने तासाला तीन मैल हे गणित खेळाडूंना पाठ असते. तेव्हा पाऊण तासात पलीकडची खाडी दिसायलाच हवी. दोन तास उलटूनही ती दिसत नाही, तेव्हा रानाविषयी पहिली शंका त्यांच्याच आकडेमोडीतून येते.

षटकोनी चौकटींचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. आठ-दहा ठिकाणे काढून त्यांना रेषांनी जोडावे: सीमेवरचा शेंदूर फासलेला दगड, तोडलेल्या झाडांचे बुंधे, ओढ्याचा उतार, बुजलेली विहीर, गारंबीच्या वेलांची जाळी, आणि मध्यभागी धन्याचे स्थान. दिवसा रेषा कायम राहतात. सूर्य मावळला की दोन रेषांची टोके बदलतात, आणि कोणत्या रेषा बदलणार हे वहीतल्या थकबाकीवर ठरते. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच जागी येतो आणि उजाडेपर्यंत एका जागी बसून राहणे हाच शहाणपणा, असे जुनी माणसे सांगतात. हा उपाय राईतही लागू असू द्यावा. एखादा खेळाडू तो ऐकीव ज्ञानावरून सुचवेल, आणि त्याला त्याचे फळ मिळायला हवे.

तीच जागा पुन्हा आल्याचे 'तुम्ही परत तिथेच आलात' असे सांगून टाकू नये. एक ठळक वस्तू निवडावी आणि दर वेळी तिच्यात एकच फरक करावा. उदाहरणार्थ, पहिल्या वेळी असे वर्णन करावे: 'वाटेच्या उजव्या अंगाला गारंबीचा वेल आहे, माणसाच्या मांडीएवढा जाड. त्याच्या विळख्यात एक पितळी घंटा अडकलेली आहे. वेल तिच्याभोवती वाढत गेल्यामुळे घंटेचे अर्धे तोंड लाकडात बुडाले आहे. घंटेला लोलक नाही.' दुसऱ्या वेळी एवढेच: 'उजव्या अंगाला गारंबीचा वेल आणि घंटा. आता तिला लोलक आहे.' जवळ जाऊन पाहणाऱ्याला तो लोलक म्हणजे रेंजरच्या हरवलेल्या बाणाचे टोक असल्याचे दिसते. रात्री दुरून घंटा वाजली, की आपण कुठे आहोत यापेक्षा आपले काय काय राईकडे आहे याची यादी मंडळी करू लागतात.

खेळाडू झाडांवर खुणा कोरतील, आणि त्यांनी ते अवश्य करावे. झाड उंच वाढते ते शेंड्याकडून, त्यामुळे खोडावर कोरलेली खूण वर्षे लोटली तरी त्याच उंचीवर राहते. रानाची जाण असलेल्या पात्राला हे माहीत असणार. मग कंबरेच्या उंचीवर कोरलेली खूण दोन तासांनी डोक्याच्या वर हातभर दिसली, तर तो जाणकारच सर्वांत आधी हादरेल. अजाण पात्राला घाबरवण्यापेक्षा जाणत्याला घाबरवणे नेहमी अधिक परिणामकारक ठरते, कारण बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात.

प्रकाश, रंग आणि आवाज

पाचव्या आवृत्तीत निम्म्याहून अधिक पात्रांना डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात पाहण्याची शक्ती, असते आणि त्यामुळे अंधाराची धास्तीच उरत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. नियम नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे. साधारण ६० फुटांपर्यंत अंधारात दिसते खरे, पण अंधुक उजेडात दिसावे तसे, आणि रंग मुळीच दिसत नाहीत, केवळ करड्या छटा. म्हणून राईत रंगाला अर्थ द्यावा. ज्या झाडांना शेंदूर लावला आहे त्यांच्या सावलीत राई काही घेत नाही. अंधारात एल्फला, म्हणजे डार्कव्हिजन असलेल्या एका जमातीच्या पात्राला, सगळी खोडे सारखीच करडी दिसतात; शेंदूर पाहायचा तर मशाल पेटवावी लागते. मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि पुढे अंधुक उजेड आणखी २० फूट, तोही एक तास. आणि मशालीसाठी लाकूड कुठून आणले, हा प्रश्न वहीकडे घेऊन जातो. गावातून आणलेल्या मशाली किती उरल्या हे खेळाडू आपणहून मोजू लागले की रचना योग्य मार्गावर आहे असे समजावे.

आवाजांच्या बाबतीत सह्याद्रीने आपल्याला भरभरून दिले आहे. शीळकरी कस्तूर हा पक्षी ओढ्याकाठी, विशेषतः पावसाळ्यात पहाटे, अशी शीळ घालतो की एखादे पोर रमतगमत शीळ वाजवत चालले आहे असे वाटावे. भेकर धोक्याची चाहूल लागताच कुत्र्यासारखे भुंकते. महाधनेश डोक्यावरून उडाला की त्याच्या पंखांचा घरघराट पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. पावसाच्या तोंडावर हजारो काजवे एकाच लयीत उघडझाप करतात, आणि भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते. हे सगळे खरे आहे आणि यात अमानवी काहीही नाही; म्हणूनच पहिल्या दिवशी याचा मनमुराद वापर करावा आणि रेंजरला प्रत्येकाचे कारण ओळखू द्यावे. मंडळींचा त्या कारणांवर विश्वास बसला की त्यांतले एकच कारण काढून घ्यावे. शीळ पुन्हा येते, पण मध्यरात्री, ओढ्यापासून दूर, आणि बार्डने, म्हणजे गटातल्या गायक-वादक पात्राने, काल शेकोटीपाशी वाजवलेल्या धूनेत. त्याच वेळी रातकिड्यांचा आवाज थांबल्याचे सांगावे आणि तिथेच वर्णन संपवावे. विशेषणे लावू नयेत. 'भयाण', 'अमंगळ', 'गूढ' हे शब्द गेम मास्टरने उच्चारले की खेळाडूला स्वतः काही जाणवून घेण्याची जागा उरत नाही.

पात्रांच्या शक्ती मोडू नयेत

बरेच जण इथेच चूक करतात. रान भीतिदायक राहावे म्हणून ते पात्रांच्या शक्ती बंद पाडतात, आणि खेळाडूला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. २०१४ च्या नियमांनुसार रेंजर आपल्या परिचयाच्या प्रदेशात असेल तर त्याचा गट जादूखेरीज अन्य कारणाने वाट चुकत नाही. ते मान्य करावे आणि त्याला स्पष्ट सांगावे, 'तुझी दिशा चुकलेली नाही. तू सरळच चालला आहेस.' म्हणजे जे घडते आहे ते जादूने घडते आहे, ही माहिती त्याच्या शक्तीनेच त्याला मिळाली.

विझर्डने संरक्षक घुमटाचा मंत्र म्हटला तर आठ तास आत कुणी येऊ शकत नाही. येऊ देऊही नये. पण तो घुमट बाहेरून अपारदर्शक आणि आतून पारदर्शक असतो, हे लक्षात ठेवावे. पहारेकऱ्याला रात्रभर दिसत राहते, की नाहीशी झालेली ११ माणसे घुमटाभोवती आपापल्या जागी उभी आहेत आणि दर प्रहराला एक पाऊल डावीकडे सरकत आहेत. ती काहीही करत नाहीत. ड्रुइडने, म्हणजे निसर्गाशी जोडलेली जादू करणाऱ्या पात्राने, वनस्पतींशी बोलण्याचा मंत्र वापरला तर झाडांना गेल्या दिवसभरातल्या घटना विचारता येतात, आणि झाडे खोटे बोलत नाहीत. 'काल रात्री इथे कोण होते?' या प्रश्नाला झाडाने 'तुम्ही सहा जण' असे उत्तर द्यावे. गट पाच जणांचा असताना. सहावा कोण याचे उत्तर गेम मास्टरने आधीच ठरवून वहीत लिहून ठेवलेले असले पाहिजे, नाहीतर पुढे धागा सुटतो. आमच्या राईत तो हरवलेला अकरावा माणूस आहे, सुताराचा मुलगा. तो परत जाण्याची वाट शोधत त्यांच्या मागून चालतो आहे.

अवचित भेटींसाठी वीस बाजूंच्या फाशापेक्षा सहा बाजूंचे दोन फासे वापरावेत, कारण त्यांची बेरीज मध्याकडे झुकते. पाच ते नऊ या बेरजांवर रानातल्या नित्याच्या गोष्टी ठेवाव्यात: भेकर, ओढ्याला आलेले पाणी, वानरांची टोळी. तळाला दोन ते चारवर साध्या अडचणी ठेवाव्यात आणि दहा व त्यापुढे राईची स्वतःची कृत्ये. नंतर वहीतल्या प्रत्येक न फिटलेल्या नोंदीमागे बेरजेत एक मिळवावा. थकबाकी नसताना दहा किंवा अधिक येण्याची शक्यता ३६ पैकी ६ असते. एक नोंद बाकी असेल तर १०, दोन असतील तर १५, आणि तीन असतील तर ३६ पैकी २१. खेळाडूंना तक्ता दाखवू नये, पण फासे सर्वांसमोर टाकावेत. बेरजेत काहीतरी मिळवले जात आहे हे त्यांना तुमच्या ओठांवरून कळते.

लढाई किती असावी? संपूर्ण राईत एक, फार तर दोन, आणि त्याही जनावरांशी किंवा सरदाराच्या लाकूडतोड्यांशी. भुताला तलवारीने मारता येते असे एकदा सिद्ध झाले की पुढची सगळी भुते आकडेमोडीची बाब होतात. आपल्याकडच्या भुतांना बहुधा कारण असते: मुंज झाली पण सोडमुंज राहिली म्हणून मुंजा पिंपळावर अडकतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. राहिलेले पुरे केल्यावरच त्यांची सुटका होते. सुताराच्या मुलालाही मारून काही साधत नाही. त्याच्या बदल्यात राईला काय द्यायचे, हे गटाने ठरवायचे असते, आणि त्या चर्चेला घाई न करता पूर्ण वेळ द्यावा.

याच कारणासाठी खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. मुंजा आणि हडळ यांच्यामागे मुलांचे आणि बाळंतिणींचे मृत्यू आहेत, आणि टेबलावरच्या एखाद्याच्या घरात ते प्रत्यक्ष घडलेले असू शकतात. कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते पडद्याआड चालतील, हे आधी विचारावे. टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड ठेवावे. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच वगळून पुढे जायचे आणि कारण विचारायचे नाही. आपल्याला थांबवता येते हे माहीत असलेला खेळाडू उलट अधिक खोल जायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

राईत दोन किंवा तीन सेशनपेक्षा जास्त मुक्काम करू नये. कायदा पूर्ण कळल्यानंतर तीच भीती फार काळ टिकत नाही आणि साहस हिशोब चुकता करण्याकडे वळते. सीमेच्या दगडापाशी वही उघडून दोन्ही रकाने खेळाडूंसमोर वाचून दाखवावेत. बाकी उरली असेल तर ती कशी फेडायची याची मुभा त्यांना द्यावी: कुणी आपली जादूची तलवार देईल, कुणी एखादी आठवण देईल, कुणी १९ रोपे लावण्याचे वचन देईल. वचन दिले असेल तर ते तारखेसह कॅम्पेनच्या मुख्य नोंदीत उतरवून घ्यावे आणि पुढच्या पावसाळ्यात, गट कितीही दूरच्या राज्यात असला तरी, रोपांची चौकशी करायला कुणाला पाठवायचे ते आत्ताच ठरवून ठेवावे.